जीर्णोद्धार तीनदा झाला, हे इंग्रजीत कसं लिहायचं?

वाचकांच्या इंग्रजीविषयीच्या प्रश्नांत या वेळी बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून अथणीपर्यंत एकच विषय फिरून फिरून आला: पडलेली, पाडलेली आणि परत उभी केलेली बांधकामं. जत्रेची स्मरणिका, पुराच्या नुकसानीचा अर्ज, कॉलेजचा प्रकल्प, कोनशिला, सगळीकडे तीच अडचण. म्हणून हा भाग त्यालाच दिला आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत छापली आहेत. स्पेलिंगमुळे घोटाळा होतो तिथे ते वेगळं सांगितलं आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या देवळाचा आजवर तीन वेळा जीर्णोद्धार झाला. यंदाच्या स्मरणिकेत एक पान इंग्रजीत द्यायचं आहे, कारण गावची बरीच मंडळी बेंगळुरू-पुण्याला स्थायिक आहेत आणि त्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. आम्ही लिहिलं, ‘अवर टेम्पल वॉज रेनोव्हेटेड मेनी अ टाइम्स.’ एका कॉलेजकुमाराने ‘रीबिल्डेड थ्राइस’ सुचवलं. कोणतं बरोबर?
*देवस्थान कमिटीचे सदस्य, खानापूर तालुका*

उत्तर : दोन्ही नकोत. आधी किरकोळ दुरुस्त्या उरकू. ‘रीबिल्डेड’ असं रूपच नाही. ‘बिल्ड’चं ‘बिल्ट’ होतं तसं ‘रीबिल्ड’चं ‘रीबिल्ट’, मग मागे ‘वॉज’ असो की ‘हॅज बीन’. ‘मेनी अ टाइम्स’ ही आपल्याकडच्या इंग्रजीत घट्ट रुतलेली चूक आहे. ‘मेनी टाइम्स’ म्हणा किंवा ‘मेनी अ टाइम’. मध्ये ‘अ’ आला की पुढचं नाम एकवचनी राहतं. आणि तीनच वेळा झालं असेल तर ‘मेनी’ कशाला, सरळ ‘थ्री टाइम्स’ लिहा. ‘थ्राइस’ चुकीचा नाही, भारतात सर्रास चालतो, पण ब्रिटन-अमेरिकेतल्या वाचकाला जुनाट वाटतो. ‘ट्वाइस’ सगळीकडे चालतो.

खरी मेख ‘जीर्णोद्धार’ या शब्दात आहे. हा शब्द फार मोठ्या पोटाचा आहे, आणि कन्नडातही तो जसाच्या तसा आहे, त्यामुळे आपल्या भागात दोन्ही भाषांतल्या फलकांवर तोच दिसतो. शिखराला नवा गिलावा केला तरी जीर्णोद्धार, आणि अख्खं देऊळ पाडून पायापासून नवं बांधलं तरी जीर्णोद्धारच. इंग्रजीत असा सगळं सामावून घेणारा शब्द नाही. तिथे नेमकं काय पडलं आणि काय राहिलं हे कळल्याशिवाय क्रियापद निवडता येत नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी गावातल्या जाणत्या माणसांना प्रत्येक वेळेबद्दल चार गोष्टी विचाराच: जोतं तेच राहिलं का? गाभाऱ्याच्या भिंतींना हात लागला का? छप्पर बदललं का? काही नवीन जोडलं का?

भिंती जोत्यापासून नव्याने उभ्या राहिल्या असतील तर ‘रीबिल्ट’. जोतंही उपसून पाया नव्याने भरला असेल तर ‘रीबिल्ट फ्रॉम द फाउंडेशन्स अप’. कौलं काढून स्लॅब टाकला असेल तर ‘द टाइल्ड रूफ वॉज रिप्लेस्ड विथ अ काँक्रीट स्लॅब’. इथे देऊळ रीबिल्ट झालेलं नाही, छत बदललेलं आहे. सभामंडप पुढे वाढवला तर ‘द हॉल वॉज एक्स्टेंडेड’, मुळात नव्हताच आणि नवा बांधला तर ‘अ हॉल वॉज ॲडेड’. फरशी, रंग, वीज, दरवाजे असं काम असेल तर ‘रेनोव्हेटेड’. भेगा बुजवल्या, गळती थांबवली, तर ‘रिपेअर्ड’. शिखर, गाभारा, दीपमाळ हे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतात तिथे अर्धं वाक्य खर्चून अर्थ सांगा. दीपमाळेला ‘लॅम्प पोस्ट’ म्हटलं की रस्त्यावरचा दिव्याचा खांब डोळ्यासमोर येतो.

आता समजा, मूळ मातीच्या भिंतींचं कौलारू देऊळ पावसात बसलं आणि चिऱ्यात बांधलं. पुढे सभामंडप जोडला. शेवटी सगळं उतरवून काँक्रीटमध्ये केलं. मराठीत तीन जीर्णोद्धार. इंग्रजीत मात्र ‘रीबिल्ट थ्री टाइम्स’ लिहिलं तर ते खोटं ठरतं, कारण बांधणं दोनदा झालं आणि एकदा जोडकाम. वाक्य असं होईल: ‘द टेम्पल हॅज बीन रीबिल्ट ट्वाइस, फर्स्ट इन लॅटराइट अँड लेटर इन काँक्रीट; द हॉल वॉज ॲडेड बिट्वीन द टू रीबिल्डिंग्ज.’ चिऱ्याला लॅटराइट म्हणा, ‘रेड स्टोन’ नको. लाल दगड म्हटला की परगावच्या माणसाला राजस्थानचा वालुकाश्म आठवतो.

अजून एक सांभाळा. ‘आमचं देऊळ आठशे वर्षांचं’ असं लिहून पुढच्या ओळीत ते काँक्रीटमध्ये बांधल्याचं सांगितलं की वाचक गोंधळतो. जागा जुनी आणि इमारत नवी असेल तेव्हा इंग्रजीत एक चांगली रचना मिळते: ‘अ टेम्पल हॅज स्टुड ऑन धिस साइट फॉर सेंच्युरीज; द प्रेझेंट बिल्डिंग डेट्स फ्रॉम…’ आणि पुढे साल. ‘डेट्स फ्रॉम’ किंवा ‘डेट्स बॅक टू’, यातलं एक घ्या. दोन्हींची खिचडी करून ‘डेट्स बॅक फ्रॉम’ होत नाही. शिलालेख किंवा कागद नसेल तर ‘अकॉर्डिंग टू लोकल ट्रॅडिशन’ हे शब्द जोडायला कमीपणा मानू नका.

प्रश्न : ‘रीबिल्ट थ्री टाइम्स’ म्हणजे एकूण इमारती किती धरायच्या? तीन की चार?
*पर्यटकांना किल्ला दाखवणारा वाचक, बेळगाव*

उत्तर : चार. पहिली ‘बिल्ट’, नंतरच्या तीन ‘रीबिल्ट’. ‘बिल्ट फॉर द थर्ड टाइम’ म्हणजे तिसरी इमारत. ‘रीबिल्ट फॉर द थर्ड टाइम’ म्हणजे चौथी. एका ‘री’ने एक इमारत वाढते, आणि बोलताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. शंका नको असेल तर मोजणी इमारतींची करा: ‘द प्रेझेंट बिल्डिंग इज द फोर्थ ऑन द साइट.’ यात गैरसमजाला जागाच नाही.

‘रीबिल्ट अगेन’ हा द्विरुक्तीचा दोष आहे, असं पुष्कळांना शिकवलेलं असतं. ते अर्धंच खरं. पहिल्यांदाच परत बांधलं असेल तर ‘अगेन’ फालतू आहे. एकदा ‘रीबिल्ट’ झालेलं पुन्हा पडून पुन्हा बांधलं असेल तर ‘अगेन’ हवाच: ‘रीबिल्ट इन १९३२ अँड अगेन इन १९७५.’ दुसऱ्यांदा क्रियापद उच्चारायचीही गरज नाही, ‘अँड अगेन’ने काम होतं. ‘री-रीबिल्ट’ मात्र कुठेच नाही.

ठरावीक काळाने बांधण्याचं जगातलं ठळक उदाहरण म्हणजे जपानचं इसे इथलं देवस्थान. मुख्य मंदिरं दर २० वर्षांनी लाकडात नव्याने बांधतात. ही प्रथा इ.स. ६९० पासूनची मानतात आणि २०१३ साली तो सोहळा ६२व्यांदा झाला. यावर लिहिताना मराठी माणूस हमखास ‘आफ्टर एव्हरी ट्वेंटी इयर्स’ लिहितो, कारण ‘वर्षांनी’तला ‘नी’ त्याला ‘आफ्टर’ वाटतो. इंग्रजीत ‘एव्हरी ट्वेंटी इयर्स’ एवढंच. आणि चालू प्रथा आहे म्हणून साधा वर्तमानकाळ: ‘द श्राइन्स आर रीबिल्ट एव्हरी ट्वेंटी इयर्स.’ ‘ऑन द सेम साइट’ लिहू नका. तिथे शेजारी शेजारी दोन चौथरे आहेत, नवं मंदिर रिकाम्या चौथऱ्यावर उभं राहतं आणि मग जुनं उतरवतात; म्हणून ‘ऑन द अडजॉइनिंग प्लॉट’.

प्रश्न : दहावीची मुलं ‘वॉज रीबिल्ट’ आणि ‘हॅज बीन रीबिल्ट’ यांत सतत चुकतात. नियम पाठ आहे, तरी चुकतात. कुठे अडतं?
*मराठी माध्यमाच्या हायस्कुलातील शिक्षिका, बेळगाव तालुका*

उत्तर : मराठीत ‘१९५१ साली हे देऊळ बांधलेलं आहे’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. साल आणि ‘आहे’ एकत्र नांदतात. मूल तेच इंग्रजीत नेतं आणि ‘हॅज बीन रीबिल्ट इन १९५१’ लिहितं. इंग्रजीत गेलेल्या काळाचं साल वाक्यात आलं की ‘हॅज’ला दार बंद. त्यामुळे काळाचं नाव पाठ करून घेण्याऐवजी मुलांना वाक्यात सालावर बोट ठेवायला लावा. बोट ठेवायला साल सापडलं की ‘वॉज’. ‘द टेम्पल ॲट सोमनाथ वॉज कॉन्सिक्रेटेड इन १९५१.’ साल नाही, आणि आजपर्यंतचा हिशेब सांगायचाय, तर ‘हॅज बीन’: ‘द टेम्पल हॅज बीन रीबिल्ट सेव्हरल टाइम्स.’

‘सिन्स’ मात्र मुलांना फसवतं. ‘सिन्स १९५१’मध्ये साल आहे, तरी ‘हॅज बीन’ लागतं, कारण ‘सिन्स’ त्या सालापासून आजपर्यंत दोरी ताणतं. म्हणून ‘सिन्स १९५१ इट वॉज रीबिल्ट ट्वाइस’ चूक आणि ‘सिन्स १९५१ इट हॅज बीन रीबिल्ट ट्वाइस’ बरोबर.

भूतकाळातल्या एका टप्प्यापर्यंतचा हिशेब असेल तर ‘हॅड बीन’. बेळगावचाच किल्ला घ्या. तो इंग्रजांनी १८१८ साली घेतला. त्याआधी तट एकाहून अधिक वेळा मजबूत केले गेले होते. ‘व्हेन द ब्रिटिश टुक द फोर्ट इन १८१८, इट्स वॉल्स हॅड बीन स्ट्रेंग्थन्ड मोअर दॅन वन्स.’ मराठीतला ‘गेले होते’ इथे बरोब्बर जुळतो, मुलांना तो धागा दाखवा. किल्ल्यासाठी ‘रीबिल्ट’ऐवजी ‘स्ट्रेंग्थन्ड’ का, हेही त्यातच सांगून टाका: तट पाडून परत बांधला तर ‘रीबिल्ट’, आहे तोच मजबूत केला तर ‘स्ट्रेंग्थन्ड’.

काम चालू असेल तर ‘इज बीइंग रीबिल्ट’. चार वर्षांपासून चालू असेल तर ‘हॅज बीन बीइंग रीबिल्ट’ हे व्याकरणात बसतं, पण वाचणारा अडखळतो; ‘हॅज बीन अंडर रीकन्स्ट्रक्शन फॉर फोर इयर्स’ लिहा.

आणखी एक प्रकार तुमच्या वर्गात नक्की दिसत असेल: ‘अहिल्याबाई होळकर रीबिल्ट द टेम्पल.’ काशी विश्वेश्वराच्या आजच्या देवळाबद्दल असं लिहिलेलं चालतं, इंग्रजी पुस्तकांतही असतं. पण मराठीत आपण ‘बांधलं’ आणि ‘बांधवलं’ असा भेद करतो आणि तो इंग्रजीतही करता येतो: ‘अहिल्याबाई होळकर हॅड द टेम्पल रीबिल्ट.’ ‘हॅड’ आणि ‘रीबिल्ट’ यांच्या मधोमध देऊळ बसवायचं. ते मधून काढून ‘हॅड रीबिल्ट द टेम्पल’ केलं की अर्थ बदलतो, ‘तिने त्याआधी बांधलं होतं’ असा होतो. मुलांना हे फळ्यावर शब्दांची अदलाबदल करून दाखवलं की एका तासात पक्कं होतं.

प्रश्न : वेदगंगेकाठचं आमचं घर. २०१९ च्या पुरात उत्तरेची भिंत आणि छप्पर गेलं, आम्ही ते उभं केलं, २०२१ ला परत तीच भिंत बसली. इंग्रजीत अर्ज द्यायचा आहे. मुलाने लिहिलं: ‘ड्यू टू फ्लड अवर हाउस वॉज फुल्ली कोलॅप्स्ड अँड वुई हॅव रीकन्स्ट्रक्टेड अगेन अँड अगेन.’ हे ठीक आहे का?
*शेतकरी वाचक, निपाणी तालुका*

उत्तर : हे असंच देऊ नका. भाषेपेक्षा मोठी चूक त्यात आहे. तुमची एक भिंत आणि छप्पर गेलं, आणि वाक्य म्हणतं की अख्खं घर गेलं. पुराची घरमदत नुकसानीच्या प्रमाणावर ठरते. २०१९ साली ए, बी, सी असे प्रवर्ग केले होते ते याचसाठी. अर्जातला शब्द आणि पंचनाम्यातला शब्द जुळला नाही की फाईल तिथेच थांबते. पंचनामा कन्नडात असतो, पण त्यातले दोन शब्द मराठी माणसाला ओळखीचे आहेत: ‘संपूर्ण’ आणि ‘भागशः’. वाचून घ्या, समजत नसेल तर कुणाकडून वाचवून घ्या, आणि त्यालाच धरून इंग्रजी लिहा. संपूर्ण असेल तर ‘कम्प्लीटली डिस्ट्रॉइड’, भागशः असेल तर ‘पार्टली डॅमेज्ड’.

आता व्याकरण. ‘कोलॅप्स’ हे ‘पडणे’सारखं क्रियापद आहे, घर स्वतः पडतं. म्हणून ‘द वॉल कोलॅप्स्ड’, मागे ‘वॉज’ लागत नाही. ‘वॉज फॉलन’ही नाही, ‘फेल’. ‘वॉज’ हवाच असेल तर ‘वॉज डिस्ट्रॉइड’ किंवा ‘वॉज वॉश्ड अवे’. वाहून गेलं असेल तरच हे दुसरं. आणि ‘अगेन अँड अगेन’ काढून टाका. तो उद्वेग खरा आहे, दोन वर्षांत एकच भिंत दोनदा उचलणं सोपं नाही, पण टेबलामागच्या माणसाला महिना, साल आणि घराचा भाग हवा असतो. प्रत्येक पुराला स्वतंत्र, छोटी वाक्यं द्या:

‘इन ऑगस्ट २०१९ फ्लडवॉटर एंटर्ड द हाउस. द नॉर्थ वॉल अँड द रूफ कोलॅप्स्ड. द प्लिंथ अँड द अदर थ्री वॉल्स रिमेन्ड स्टँडिंग. वुई रीबिल्ट द वॉल अँड रिप्लेस्ड द रूफ. इन जुलै २०२१ द सेम वॉल कोलॅप्स्ड अगेन.’

‘अगेन’ इथे एकदाच आहे, शेवटी आहे, आणि ‘द सेम वॉल’ या शब्दांमुळे तुमचं गाऱ्हाणं आवाज न चढवता पोचतं. ‘रिमेन्ड स्टँडिंग’चं वाक्य गाळू नका, काय शाबूत राहिलं हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत की काय गेलं यावर विश्वास बसतो.

भिंत कशाची होती तेही लिहा. मातीची असेल तर ‘मड वॉल’, कच्च्या विटांची असेल तर ‘सन-ड्राइड ब्रिक’, भट्टीच्या विटांची असेल तर ‘बर्न्ट ब्रिक’. सरकारी इंग्रजीत ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ हे शब्दही चालतात. पाण्यात चार दिवस उभी राहिलेली मातीची भिंत पुष्कळदा पाणी ओसरल्यावर बसते, हे काठावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाहणी आधी झाली असेल तर कागदावर भिंत उभीच दिसते. तसं झालं असेल तर तारीख घालून स्पष्ट लिहा: ‘द वॉल कोलॅप्स्ड आफ्टर द वॉटर हॅड रिसीडेड.’

आता पुढे बांधताना जोतं वाढवणार असाल, तर एक फसवी जागा सांगून ठेवतो. जोतं तीन फुटांनी वाढवलं तर ‘रेज्ड बाय थ्री फीट’. वाढवून तीन फूट केलं तर ‘रेज्ड टू थ्री फीट’. मूळ जोतं दीड फुटाचं असेल तर पहिल्या वाक्याने साडेचार फूट होतं, दुसऱ्याने तीनच. मराठीत ‘नी’ आणि ‘पर्यंत’ यांत जो फरक, तोच इथे, आणि अंदाजपत्रकात तो दीड फुटाच्या भरावाचा आणि दगडाचा फरक आहे.

घर गावठाणातल्या नव्या, उंचावरच्या जागेत बांधलं असेल तर ‘द हाउस वॉज शिफ्टेड’ लिहू नका. हललं ते कुटुंब, घर नवं बांधलं: ‘द फॅमिली मूव्ह्ड टू हायर ग्राउंड अँड बिल्ट अ न्यू हाउस देअर.’

प्रश्न : दरवर्षी पावसाआधी आम्ही घर शाकारतो. याला ‘री-रूफिंग’ म्हणायचं का?
*वाचक, जांबोटी परिसर*

उत्तर : नाही. ‘री-रूफ’ म्हणजे छप्परच नवं. शाकारणीत वासे तेच, रिपा त्याच. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि परत सारखी लावायची. त्याला इंग्रजीत ‘री-ले’: ‘द टाइल्स आर री-लेड एव्हरी समर, अँड द ब्रोकन वन्स रिप्लेस्ड.’ हा शब्द लिहिताना मधे आडवी रेघ द्या. रेघ नसली की तो ‘रिले’ वाचला जातो, म्हणजे निरोप पुढे पोचवणे, आणि त्याचं भूतकाळी रूपही वेगळं, शेवटी ‘ई-डी’ लागणारं. आपल्या ‘री-लेड’च्या शेवटी ‘ए-आय-डी’. ‘री-कव्हर’चंही तसंच, रेघ गेली की घर आजारातून बरं झालं असा अर्थ निघतो. ‘रीबिल्ड’ला अशी जुळी बहीण नाही, म्हणून तो बिनरेघेचा. गवताचं छप्पर असेल तर ‘री-थॅच्ड’.

प्रश्न : सिव्हिलच्या प्रकल्पासाठी जुन्या देवळांवर लिहितो आहे. रीकन्स्ट्रक्शन, रेस्टोरेशन, रेनोव्हेशन, रिपेअर हे शब्द मी आलटून पालटून वापरले, म्हणजे तेच तेच वाटू नये. मार्गदर्शकांनी सगळीकडे लाल रेघा मारल्या.
*पदवीचा विद्यार्थी, बेळगाव*

उत्तर : रेघा योग्य आहेत. निबंधात शब्द बदलणं शोभतं. संवर्धनाच्या अहवालात प्रत्येक शब्द म्हणजे वेगळं काम.

या क्षेत्रात ज्याचा आधार घेतात तो बुरा चार्टर, म्हणजे संवर्धनाची तत्त्वं सांगणारा दस्तऐवज, ऑस्ट्रेलियात १९७९ साली झालेला, पुढे सुधारलेला. त्यातला भेद असा. वास्तूला तिच्या माहीत असलेल्या आधीच्या अवस्थेत न्यायचं, पण नवं साहित्य न घालता, म्हणजे नंतरची भर काढून किंवा असलेलेच भाग परत जुळवून, तर ‘रेस्टोरेशन’. नवं साहित्य घातलं की ‘रीकन्स्ट्रक्शन’. आहे त्या अवस्थेत टिकवून झीज रोखायची, तर ‘प्रिझर्व्हेशन’. चार्टरमधलंच पन्हळीचं उदाहरण लक्षात ठेवायला सोपं आहे: पन्हळ साफ करणं हा मेंटेनन्स, निसटलेली पन्हळ जागेवर बसवणं ही रेस्टोरेशन प्रकारची दुरुस्ती, कुजलेली काढून नवी बसवणं ही रीकन्स्ट्रक्शन प्रकारची.

दगडी देवळांसाठी आणखी एक शब्द हवा: ‘अनॅस्टायलोसिस’. कोसळून विखुरलेले मूळ दगड ओळखून, त्यांच्या मूळ जागी परत रचणं. १९६४ च्या व्हेनिस चार्टरने उत्खननात निघालेल्या अवशेषांबाबत रीकन्स्ट्रक्शनला नकार देऊन एवढ्यालाच मुभा दिली. म्हणजे हलशीच्या किंवा देगावच्या कदंबकालीन देवळाबद्दल लिहिताना, पडलेला मूळ खांब उचलून बसवला असेल तर हा शब्द. नवा खांब घडवून बसवला असेल तर नाही. तुमच्या प्रकल्पात प्रत्येक दगडाला ‘मूळ’ की ‘नवा’ असा रकाना ठेवा, शब्द त्यावरून आपोआप ठरतील. ‘रेनोव्हेशन’ हा शब्द बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या १२०४ सालच्या जैन मंदिरासारख्या संरक्षित वास्तूसाठी वापरूच नका. त्यात ‘नवं करणं’ आहे, आणि अशा वास्तूत तेच टाळायचं असतं.

‘रीबिल्ट’ आणि ‘रीकन्स्ट्रक्शन’ यांतला फरक लंडनच्या ग्लोब नाट्यगृहावरून नीट कळतो. ते १५९९ साली बांधलं. १६१३ साली प्रयोगात तोफ उडवताना छपराच्या गवताने पेट घेतला आणि ते जळालं. पुढच्या वर्षी त्याच पायावर, या वेळी कौलारू, परत उभं राहिलं: ‘इट वॉज रीबिल्ट इन १६१४.’ तेही पुढे पाडलं गेलं. आज तिथून जवळ, वेगळ्या जागेवर जे आहे ते १९९७ साली खुलं झालं. पुरावे जमवून जुन्याबरहुकूम केलेलं. त्याला ‘अ रीकन्स्ट्रक्शन ऑफ द ग्लोब’ म्हणतात. पहिल्या प्रकारात इमारतीचा वापर पुढे चालू ठेवायचा होता, दुसऱ्यात तिचं रूप परत दाखवायचं होतं. साध्या लिखाणात दोन शब्द एकमेकांच्या जागी येतात आणि कुणी चूक म्हणत नाही, पण तुमच्या अहवालात ते वेगळेच राहू द्या.

जाता जाता: ‘कन्टिन्युअसली रीबिल्ट’ लिहिलंत तिथे ‘कन्टिन्युअली’ करा. पहिला म्हणजे क्षणभरही न थांबता. दुसरा म्हणजे थांबून थांबून, पण वारंवार.

प्रश्न : इंग्रजीत आता बेळगावचं स्पेलिंग कुठलं लिहायचं, जुनं की ‘बेळगावी’चं?
*वाचक, शहापूर, बेळगाव*

उत्तर : अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, तेव्हा अर्ज, पत्ता, आजचा मजकूर यांत नवं. त्याआधीच्या घटनेत जुनं स्पेलिंग ठेवलं तर चूक नाही; एकाच लेखात दोन्ही येत असतील तर पहिल्यांदा ‘देन कॉल्ड’ लिहून जोड द्या. गावांच्या नावांना उताऱ्यावर जे स्पेलिंग आहे तेच सगळीकडे ठेवा.

प्रश्न : नव्या देवळाच्या कोनशिलेवर इंग्रजी ओळी कोरायच्या आहेत. मसुदा: ‘धिस टेम्पल वॉज रीकन्स्ट्रक्टेड फॉर द थर्ड टाइम अँड इनॉग्युरेटेड बाय द ऑस्पिशस हँड्स ऑफ…’ पुढे पाहुण्यांचं नाव. कारागीर अक्षरावर पैसे घेतो.
*ट्रस्टचे चिटणीस, चिकोडी तालुका*

उत्तर : मग निम्मी अक्षरं वाचवून देतो. ‘शुभहस्ते’ मराठीत सुंदर आहे, पण इंग्रजीत ‘बाय द हँड्स ऑफ’ म्हटलं की नुसते हात दिसतात. ‘बाय’ पुरे. दगडावर ‘धिस टेम्पल वॉज’ही नको, दगड देवळावरच बसवलेला आहे, वाचणाऱ्याला दुसरं देऊळ वाटणार नाही. ‘फॉर द थर्ड टाइम’ गाळा आणि त्याऐवजी आधीची सालं द्या, मोजणी वाचणारा करेल आणि मोजणीचा वाद कायमचा मिटेल. ज्या सालाला कागद किंवा शिलालेख आहे तेच कोरा. उरलेल्यासाठी ‘अर्लिअर’ हा एक शब्द पुरतो.

काम पूर्ण होणं आणि कळसारोहण यांत बऱ्याचदा सालाचा फरक असतो. ‘रीबिल्ट’पुढे काम पुरं झाल्याचं साल, ‘कॉन्सिक्रेटेड’पुढे कळस चढल्याची तारीख, ‘इनॉग्युरेटेड’ शाळेला किंवा मंगल कार्यालयाला शोभतो, देवळाला ‘कॉन्सिक्रेटेड’ जास्त बरा. पाहुण्यांनी फक्त फीत कापली असेल आणि प्रतिष्ठापना गुरुजींनी केली असेल, तर पाहुण्यांच्या नावाआधी ‘इन द प्रेझेन्स ऑफ’. तारखेत महिना अक्षरांत लिहा, आकड्यांत नको. ४-५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल, हे पन्नास वर्षांनी सांगायला कुणी नसेल.

मग दगडावर चारच ओळी राहतात. वर देवाचं नाव. खाली ‘रीबिल्ट १९३२, १९७५’ अशा पद्धतीने तुमची खरी सालं आणि शेवटी यंदाचं. त्याखाली ‘कॉन्सिक्रेटेड’ आणि तारीख. शेवटी ‘बाय’ आणि नाव. कोरायला देण्याआधी हाच मजकूर खडूने दगडावर पूर्ण मापात लिहून बघा. ‘कॉन्सिक्रेटेड’ इंग्रजीत अकरा अक्षरांचा आहे आणि ओळीत मावला नाही तर कारागीर तो मनाने कुठेही तोडतो.